आमारो सिमासचा पिवळा दिवा

लगूना वेल्सच्या विमानतळावर आमारो सिमासचं नेमकं काम काय, असं कुणी विचारलं असतं तर सांगणं अवघड गेलं असतं. विमानांत पेट्रोल भरायचं, धावपट्टीच्या दोन्ही बाजूंचं गवत कापायचं, कडेचे फुटलेले दिवे बदलायचे, संडास धुवायचे, हँगरच्या पत्र्यात घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांशी भांडायचं. मॅनेजर म्हणून पाटी भलत्याच माणसाची होती आणि तो महिन्यातून एकदा उगवायचा. बाकी सगळं आमारो. पण डिसेंबर लागला, की त्याच्या वाट्याला आणखी एक काम यायचं. ते त्याला कुणी नेमून दिलेलं नव्हतं, त्याचे वेगळे पैसे नव्हते, आणि त्याच कामाने त्याला वेळेआधी म्हातारा केला.

आमच्या खोऱ्यात धुकं पडत नाही, बसतं. पाऊस होऊन जातो, रात्र निरभ्र निघते, आणि पहाटे ते ओल्या जमिनीतून वर येऊन दोन डोंगररांगांच्या मधे बूड टेकतं. मग कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे. गायींचं हंबरणं ऐकू येतं, गाय दिसत नाही. माणसं आपल्याच अंगणात फाटक शोधत फिरतात. शाळा उशिरा भरतात, हमरस्त्यावर गाड्या एकमेकींवर चढतात, बायकांचे कपडे वाळत नाहीत आणि नवरे घरात बसून त्यांचं डोकं खातात. आम्हाला त्याचं कौतुक नाही. ते असतं.

आता अशा धुक्यात विमान उडवू नये, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण ज्याच्याकडे स्वतःचं विमान असतं तो शेंबडं पोर नसतो, हीच तर अडचण. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या वैमानिकाला कायद्याने बांधून ठेवलंय: इतकं अंतर दिसत नसेल तर चाक हलवायचं नाही. स्वतःच्या विमानात स्वतःच्या बायकापोरांना घेऊन जाणाऱ्याला मात्र तसलं काही नाही. त्याच्याकडे उपकरणांवर उडायचा परवाना हवा, विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या सरकारी केंद्राला फोन करून परवानगी घ्यायला हवी, बस. पुढे नाकाचा शेंडा दिसत नसला तरी निघायला तो मोकळा. आमच्यासारख्या लहान विमानतळावर विमानांना हुकूम देणारा मनोरा नाही, अडवणारा साहेब नाही. होता तो एकटा आमारो, आणि त्याला अडवायचा अधिकार नव्हता.

त्याचा अधिकार एवढाच, की पुढे चालायचं. दाट धुक्यात हँगरपासून धावपट्टीच्या तोंडापर्यंतची वाट वैमानिकाला सापडत नाही. म्हणून आमारो आपल्या पिकअपच्या टपावर पिवळा फिरता दिवा चढवायचा आणि पायी चालल्याच्या वेगाने पुढे निघायचा. मागून विमान. पट्टीच्या तोंडाशी नेऊन सोडलं की तो बाजूला सरायचा, वैमानिक आपला दिवा दोनदा मिचकावून आभार मानायचा, आणि निघायचा. आमारो तिथेच काच खाली करून बसायचा. आवाज वर चढत, पातळ होत पश्चिमेला विरला की मग गाडी वळवायची. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच आठवत नाही. थांबायचं असतं म्हणून तो थांबायचा.

आमारो जन्मला समुद्रातल्या एका बेटावर, तेर्सेइरावर. आमच्या इथले निम्मे पोर्तुगीज गवळी त्याच बेटावरचे. मिसरूड फुटायच्या वयात मामाच्या गोठ्यावर दूध काढायला म्हणून आला, आणि एका गायीने गुडघ्यावर लाथ घातली तेव्हा गोठा सोडून विमानतळावर लागला. त्या बेटावरही धुकं उतरायचं. उतरलं की होड्या वाळूवर ओढून ठेवत, आणि त्याबद्दल कुणाला कुणाशी वाद घालावा लागत नसे. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यातच त्याला कळलं, की इथले लोक धुक्याकडे सरकारी सुट्टीसारखं बघतात: ज्याला काम आहे त्याने मानायची नाही.

सुरुवातीला तो वाद घालायचा. मोडक्या इंग्रजीत हातवारे करून सांगायचा, की बाबांनो, चढता येईल, पण इंजिन खोकलं तर उतरणार कुठे? ज्या जागेवरून उडालात तीच जागा तुम्हाला परत दिसणार नाही. लोक हसून त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि सगळे एकच वाक्य बोलायचे: "आमारो, वर बघ, निळं आहे." ते खरंही असायचं. हे धुकं उंचीने फार नसतं. त्यात उभं राहून मान वर केली तर सकाळचं आकाश चक्क निळं दिसतं, कधी पक्षीही दिसतो. माणसाला वाटतं, हे काय, चादरीतून डोकं बाहेर काढायचं इतकंच. वर निळं बघून निघणारी माणसं वर जायच्या आधी पुढे जावं लागतं हे विसरतात, आणि पुढे सगळं पांढरं असतं. विमानतळावर विमान चालवायला शिकवणारा एक जुना माणूस होता, तो सांगायचा, की त्या पांढऱ्यात कान खोटं बोलतात. विमान जोरात सुटलं की माणसाला वाटतं नाक फार वर गेलं, हात आपोआप नाक खाली दाबतो, आणि जमीन तर अजून तिथेच असते. उपकरणं खरं सांगत असतात, पण त्या दोन क्षणांत माणूस उपकरणापेक्षा स्वतःच्या पोटाचं ऐकतो.

वाद घालून उपयोग नाही हे कळल्यावर आमारोने कॉफीचा मार्ग धरला. धुक्याच्या सकाळी कुणी आला, की त्याला बसवायचं, कॉफी इतकी हळू करायची की तेवढ्यात थोडं उघडावं, बायकोने, देओलिंदाने, केलेला गोड पाव कापायचा, गोठ्यातल्या जुन्या गमती सांगायच्या. यावर बरीच वर्षं निभावली. कितीतरी लोक त्या कॉफीपायी जिवंत राहिले असतील; त्यांना ते माहीत नाही आणि आमारोलाही नक्की माहीत नव्हतं. न झालेला अपघात कुणाला दिसत नाही, त्याचे कोण आभार मानणार.

मग रस्कचं झालं. वेन्डेल रस्क हा विहिरी खोदून देणारा ठेकेदार, मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा. आमारोची कॉफी प्यायला, पाव खाल्ला, गोष्टीला पोट धरून हसला, आणि म्हणाला, चल, पुढे हो, मला उशीर होतोय. आमारो पुढे झाला. अगदी नीट, मधल्या पिवळ्या रेषेवरून त्याने त्याला पट्टीच्या तोंडाशी नेलं. रस्कने दिवा दोनदा मिचकावला. आवाज सुटला, वाढला, चढला, आणि मग जसा सरळ जायला हवा तसा न जाता डावीकडे वाकला. आमारोने तो वाकलेला आवाज ऐकला, आणि त्यानंतर काहीच ऐकलं नाही. धडाका नाही, किंकाळी नाही. धुक्याने तेही गिळलं. त्याने पिकअप गवतातून तशीच घातली आणि हाका मारत लसूणघासाच्या शेतात फिरत राहिला. रस्क सापडला तेव्हा सापडला नसता तर बरं, असं वाटण्यासारखी दशा होती.

चौकशीला माणसं आली, चांगली सभ्य. म्हणाली, परवाना होता, परवानगी होती, विमानात दोष नव्हता, कायदा मोडलेला नाही. उडताना कुणी पाहिलं का, असं त्यांनी विचारलं. आमारो म्हणाला, धुक्यात कोण पाहणार. त्यांनी मान डोलावली. रस्कच्या बायकोला सांगायला मात्र त्यांच्यातला कुणी गेला नव्हता. दारात आमारोच उभा राहिला होता, चिखलाचे बूट पायपुसण्याच्या अलीकडे ठेवून, आणि ती बाई त्याला म्हणाली होती, "अरे आमारो, ये की आत, बूट कशाला काढतोस."

त्यानंतर त्याने कॉफीही सोडली. कुणी आला, की तो मुकाट्याने दिवा चढवायचा, पुढे व्हायचा, बाजूला सरायचा, काच खाली करून आवाज विरेपर्यंत बसायचा. लोक म्हणाले, म्हातारा आता शहाणा झाला. तो शहाणा वगैरे काही झाला नव्हता, दमला होता. देओलिंदा रोज म्हणायची, सोड ते काम. तो म्हणायचा, या हिवाळ्यानंतर. असे बरेच हिवाळे गेले.

आणि मग एके वर्षी, नाताळच्या आधीच्या रविवारी, दुआर्ते मेनेझिस आला.

दुआर्ते हा आमारोचा धर्मपुत्र. आमारोला स्वतःचं मूल नाही. मित्राच्या या पोराला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्यानेच धरलं होतं, आणि आमच्यात हे नातं तोंडदेखलं नसतं. धर्मपिता समोर आला की पोराने आधी आशीर्वाद मागायचा, मग बाकीचं बोलायचं. आणि धर्मपित्याने "देव तुझं भलं करो" म्हटल्याशिवाय निघायचं नाही. दुआर्ते चाळिशीला आला, गुरांच्या खाद्याचा मोठा धंदा केला, चार जणांचं विमान घेतलं, तरी पेट्रोल भरायला आला की आधी टोपी काढून म्हणायचा, "पाद्रिन्यो, आशीर्वाद." पाद्रिन्यो म्हणजे धर्मपिता. अर्धं थट्टेत, अर्धं मनापासून. आमारो तेलकट हातानेच तो द्यायचा.

त्या सकाळी धुकं इतकं होतं, की आमारोला पेट्रोलच्या टाकीपाशी उभं राहून टाकी दिसत नव्हती. दुआर्तेची गाडी आवाजावरून कळली. तो उतरला, मागून नऊ वर्षांची लिदिया उतरली. तिच्या दोन्ही हातांत एक पांढरी पेटी होती. घराण्यातल्या सगळ्या बाळांना घातलेला बाप्तिस्म्याचा झगा त्यात होता. दुआर्तेची बायको आदल्या दिवशीच मोटारीने किनाऱ्यावरच्या शहरात गेली होती. दुआर्तेच्या भावाला मुलगा झाला होता, अकरा वाजता बाप्तिस्मा होता, आणि धर्मपिता होता दुआर्ते.

 आमारोने न राहवून विचारलं, की काल बायकोबरोबर जायला काय झालं होतं. दुआर्ते म्हणाला, काल खाद्याचे ट्रक उशिरा आले. मग आता मोटारीने जा. दुआर्तेने विचारलं, की काल हमरस्त्यावर काय झालं ते ऐकलं नाही का, सतरा गाड्या एकमेकींत घुसल्या. त्यापेक्षा वरून जाणं बरं. आणि यात तथ्य होतं, म्हणून आमारो अडला. या धुक्यात रस्ता काही कमी माणसं खात नाही.

"न जाणं, असंही एक असतं," तो शेवटी म्हणाला.

"माझ्या भावाच्या पोराला पाण्यावर धरायचं, आणि मीच नाही? तुम्ही नसता आलात माझ्या वेळी?"

"मी तुझ्या बाप्तिस्म्याला शेणाच्या बुटांनी आलो होतो. तुझी आजी मला चर्चच्या दारातच आडवी आली. पण जमिनीवरून आलो होतो."

दुआर्ते हसला. मान वर करून त्याने बोट दाखवलं. "बघा ना. निळं आहे."

आमारोने वर बघितलं. होतं निळं. तो म्हणाला, "समोर बघ." पण तोवर दुआर्ते पोरीचा पट्टा आवळायला आत वाकला होता. केंद्राची परवानगी फोनवर मिळाली होती आणि तिला वेळेची मर्यादा होती. त्या वेळेत उडालं नाही तर ती रद्द. निघताना दुआर्तेने खिडकीतून टोपी काढली. "पाद्रिन्यो, आशीर्वाद." आमारोने ऐकलं न ऐकलंसं केलं. त्याने लिदियाच्या डोक्यावर हात ठेवून तिला तेवढा दिला, आणि पिकअपकडे गेला.

यानंतर जे झालं ते आपण ठरवून केलं नाही, असं आमारो पुढे शपथेवर सांगायचा, आणि कुणी मानायचं नाही. मला ते पटतं. हँगर संपले की डावीकडे वळायचं, तिथून सरळ पट्टीचं तोंड. इतक्या वर्षांत ते वळण त्याच्या हातांत बसलं होतं. त्या दिवशी वळण आलं आणि हात वळले नाहीत. तो सरळ गेला. आरशात विमानाचा दिवा मागे मागे येत होता, अंतर राखून, विश्वासाने. दुआर्तेचे डोळे पिवळ्या दिव्यावर होते. ते तसेच ठेवायचे असतात, त्यासाठीच तो दिवा.

टाकीच्या पलीकडे, पूर्वी फवारणीची विमानं जिथे औषध भरायची, तिथे एक जुना सिमेंटचा चौथरा होता. दोन्ही बाजूंना गंजलेले लोखंडी खांब, कडेला पाण्याचा कालवा. कित्येक वर्षांत तिथे कुणी फिरकलं नव्हतं. आमारोने विमानाला चौथऱ्याच्या मधोमध आणलं, स्वतः थोडं पुढे गेला आणि थांबला. आधी पिवळा दिवा बंद केला. मग पुढचे. मग मागचे.

थोड्या वेळाने गाडीतल्या रेडिओवर दुआर्तेचा आवाज आला. "पाद्रिन्यो, तुमचा दिवा गेला."

"गेला नाही. मी बंद केला."

"पोचलो का आपण? मला पट्टीची रेषा दिसत नाही."

"कुठे आहोत ते तू सांग. विमान तुझं आहे."

 मग त्याने होकायंत्राकडे बघितलं असावं, कारण आवाज बदलला. "ही पट्टी नाही. दिवा लावा, पाद्रिन्यो. माझी वेळ टळतेय."

"इंजिन बंद कर. तुझ्या दोन्ही बाजूंना खांब आहेत आणि शेजारी कालवा. जागचा हलू नकोस."

दुआर्ते दोनदा काहीतरी बोलला, ते चर्चमध्ये बोलण्यासारखं नव्हतं. पण हलणार कसा? पंख कशाला लागेल ते त्याला दिसत नव्हतं. शेवटी इंजिन थांबलं. तो उतरला, पोरीला कडेवर घेतलं आणि पिकअपच्या दिशेने तणतणत निघाला. पिकअप त्याच्यापासून अंगणाच्या रुंदीएवढ्याही अंतरावर नव्हती. तो तिच्या बाजूने सरळ पुढे निघून गेला. पावलं कालव्याकडे चाललेली ऐकून आमारोने दारावर थाड थाड हात मारला, तेव्हा तो आवाजाच्या रोखाने चाचपडत परत आला.

तिघं पुढच्या बाकावर दाटीने बसले, लिदिया मधे, मांडीवर पेटी. दुआर्तेने आधी धंद्यातल्या माणसासारखं समजावलं, मग हात जोडले, मग ओरडला. भाऊ काय म्हणेल, पाद्री काय म्हणेल, सगळं घराणं तिथे जमलंय. आमारो समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत राहिला. त्याने गोड पाव काढून पोरीला दिला. तिने विचारलं, आपण पोचलो का, आणि खात बसली.

तेव्हा दुआर्ते हळूच म्हणाला, "रस्कला तर नीट नेऊन सोडलंत."

 लोकांनी हे आमारोच्या पाठीमागेही कधी म्हटलं नव्हतं. तोच मनात रोज म्हणायचा.

"हो," तो म्हणाला. "त्याला नीट नेलं. रेषेवरून." मग काच बाहीने पुसत, "तू ते पेपरात वाचलंस. मी ऐकलंय. मला आता ते परत ऐकायचं नाही, दुआर्ते. मी दमलोय. पोरीची पेटी त्या शेतात शोधत फिरायचं, आणि मग तुझ्या बायकोच्या दारात बूट काढून कुणी उभं राहायचं? मीच ना. माझ्याच्याने नाही होणार. तू मला वेडा म्हण, नोकरी घालव, तोंड बघू नकोस. आज दिवा लागणार नाही."

परवानगीची वेळ टळली. दुआर्तेने पुन्हा मागितली नाही. धुकं दहाला उघडलं नाही, दुपारी उघडलं नाही, त्या दिवशी उघडलंच नाही. तिकडे दुआर्तेच्या भावाच्या मेहुण्याला ऐनवेळी बाळाचा धर्मपिता केलं. गाद्या विकणारा माणूस, त्याला प्रार्थनाही धड येत नव्हती. घरातल्या कुठल्याशा काकूने आणलेला साधा झगा बाळाला घातला. ही गोष्ट मेनेझिसांच्या घरात अजून निघते आणि निघाली की जेवण बिघडतं.

दुआर्तेने विमानतळाच्या समितीपुढे जाऊन सगळं सांगितलं. रंगवून सांगितलं नाही, जसं झालं तसंच सांगितलं. म्हणाला, मुद्दाम चुकीच्या जागी नेणाऱ्याच्या हातात तो दिवा नको. समितीत सगळे विमानवाले. त्यांनी आमारोला बोलावून केक कापला, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि पिकअपची किल्ली मागून घेतली. मला त्यांचा राग येतो, पण त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. दिव्यामागून येणाऱ्याने डोळे झाकून यायचं, तर दिवेवाल्याने असं करून चालत नाही. आमारोलाही ते मान्य होतं. देओलिंदा संतापली तेव्हा तो तिला म्हणाला, की त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढलं असतं. घड्याळ त्याने अडगळीच्या खोलीत लावलं.

आशीर्वाद मात्र थांबला. चर्चमध्ये दुआर्ते दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसायला लागला. ईस्टरला आला नाही. उन्हाळ्यातल्या उत्सवात मिरवणूक आमारोच्या अंगावरून गेली, दुआर्तेच्या खांद्यावर निशाण होतं, त्याने मान वळवली नाही. लिदियाने लांबून हात हलवला. आमारो घरी येऊन म्हणाला, पोरगी उंच झाली. देओलिंदाने विचारलं, आणि तो? तो म्हणाला, त्याचं पोट सुटलंय. यापुढे त्यांच्यात त्या विषयावर बोलणं झालं नाही, पण जेवताना आमारो रोज पानावर बसून प्रार्थना म्हणायचा तेव्हा शेवटी ओठ एकदा जास्तीचे हलायचे. देओलिंदा ते बघायची आणि सूप वाढायची.

हिवाळा आला. धुकं बसलं. त्यांचं घर विमानतळाच्या कुंपणाला लागूनच होतं, त्यामुळे कामावर नसला तरी आवाज चुकत नव्हते. दिवा आता नव्या माणसाकडे होता. भला माणूस, विमान पट्टीच्या तोंडाशी सोडायचा आणि लगेच परत फिरायचा. आवाज विरेपर्यंत थांबायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी आमारो मोरीत भांडी घासत होता. खिडकीबाहेर पांढरं. आणि त्या पांढऱ्यातून एक इंजिन सुरू झालं. त्याने ते लगेच ओळखलं. त्या इंजिनात त्याने इतकी वर्षं तेल ओतलं होतं. आदल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बोलणं त्याच्या कानावर आलं होतं, की किनाऱ्याकडे वळूंचा मोठा लिलाव आहे आणि दुआर्ते जाणार आहे. आवाज हँगरवरून सरकत गेला, वळणावर डावीकडे वळला, बरोबर वळला, पट्टीच्या तोंडाशी जाऊन थांबला. पिकअप परत फिरल्याचं ऐकू आलं. मग इंजिन भरात आलं. उडण्यापूर्वी एकदा तपासायला आणतात तसं, की खरंच सुटण्यासाठी, ते इथून कळत नव्हतं. आमारोच्या हातात पातेलं होतं, पाणी वाहत होतं.

आणि आवाज बंद झाला.

विरला नाही, वाकला नाही, नुसता बंद झाला. आमारो तिथेच उभा राहिला. देओलिंदा आतून म्हणाली, "नळ बंद कर ना." त्याने केला नाही.  रस्कच्या वेळी त्याने निदान गाडी घातली होती. या वेळी मनात फक्त एवढंच येत होतं, की पोरगी बरोबर होती का. लसूणघासाच्या शेतात जायला हवं, बूट घालायला हवेत, हे सगळं कळत होतं आणि पाय उचलत नव्हता. या वर्षात आपण निदान एकदा तरी दुआर्तेच्या बाकापाशी जायला हवं होतं. धर्मपित्याने आधी जाऊ नये असं कुठे लिहिलंय?

फोन वाजत होता. किती वेळ वाजत होता कोण जाणे. देओलिंदाने घेतला, ऐकलं, आणि तार ताणून रिसीव्हर त्याच्या कानाला लावला.

"पाद्रिन्यो."

आमारोने नळ बंद केला.

"पाद्रिन्यो, मी पट्टीच्या तोंडाशी आहे. इंजिन बंद केलंय. एकटाच आहे. वर निळं आहे. समोर काही दिसत नाहीये. तो दिवेवाला गेला, फोन उचलत नाही. मला परतीची वाट सापडत नाही. तुम्ही येता का?"

"खाली उतर," आमारो म्हणाला, "आणि पंखापाशी उभा राहा. चालायला लागू नकोस. तुला चालता येत नाही धुक्यात."

त्याच्याकडे ना पिकअप होती, ना पिवळा दिवा. देओलिंदाने स्वयंपाकघरातली बॅटरी दिली, डोक्यावर लोकरी टोपी ओढली, आणि बुटांचे बंद वाकून स्वतः बांधले. तो कुंपणाच्या तारेला हात लावून लावून गेला, फटीतून आत शिरला, आणि मग गवताची कड बुटाने चाचपत पट्टीच्या तोंडाकडे. हाक मारली. पलीकडून हाक आली. पंखाचं टोक आधी हाताला लागलं आणि मग माणूस.

दुआर्ते टोपी हातात घेऊन उभा होता. धुक्याने चेहरा ओला झाला होता, की आणखी कशाने, ते आमारोने बघितलं नाही.

"पाद्रिन्यो, आशीर्वाद," तो म्हणाला. "वर्षभराचा राहिलाय."

आमारोने भांड्यांच्या साबणाचा वास येणारा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. देव तुझं भलं करो, असं तो म्हणाला. मग त्याने विमान तिथेच राहू दे म्हणून सांगितलं, दुआर्तेची बाही घट्ट धरली, आणि बुटाने गवताची कड शोधत त्याला घरी नेलं.